पीडितांना कळवण्याचा सरकारी खर्च : विधेयक वाचून अंदाज कसा बांधावा

तपास कुठवर आला, आरोपीला जामीन मिळाला का, कैदी फर्लोवर (शिक्षेच्या काळात मिळणाऱ्या रजेवर) कधी बाहेर येणार, हे पीडिताला कळवणे बंधनकारक करणारे एखादे विधेयक मुंबईतल्या विधान भवनात मांडले गेले, तर सर्वप्रथम त्याचे वित्तीय ज्ञापन, म्हणजे विधेयकामुळे सरकारवर पडणाऱ्या खर्चाचे सोबतचे निवेदन, वाचावे. ‘उपलब्ध मनुष्यबळातून काम होईल’ असे त्यात लिहिलेले असेल, तर स्वतः हिशेब मांडणे अधिकच गरजेचे आहे, कारण ज्या कर्तव्यासाठी पैशाची तरतूद नसते, ते आधीच कामाखाली दबलेल्या तपासी अंमलदाराच्या टेबलावर पडून राहते आणि त्याची झळ पीडितालाच बसते.

आज जे बंधनकारक आहे ते आधी वजा करावे. फौजदारी कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी लागते, तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ नुसार जामिनासह न्यायालयीन कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळणे हा पीडिताचा हक्क आहे. याच्या पलीकडे विधेयक कोणते नवे टप्पे जोडते, तेवढेच मोजावेत. सूचना सर्वांना आपोआप जाणार की मागणाऱ्यालाच, हे कलम विशेष बारकाईने वाचावे. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याने २०१६ मध्ये पीडितांचे हक्क राज्यघटनेत घातले आणि २०१८ मध्ये दुरुस्ती करून ते मागणाऱ्यांपुरते ठेवले. माझ्या मते गंभीर गुन्ह्यांत सूचना आपोआपच जायला हवी, कारण घाबरलेला माणूस अर्ज करायला पुढे येत नाही.

संदेशाचा दर वरवर किरकोळ वाटतो, पण तो नीट तपासावा. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत मात्र ७०, आणि संदेश लांबला की प्रत्येक भागात ६७. शिवाय काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र होते. गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणे, न्यायालय आणि तारीख असलेली २०० चिन्हांची मराठी सूचना म्हणजे तीन संदेशांचा खर्च झाला.

खरा खर्च मात्र माणसांच्या वेळेचा असतो. उदाहरणादाखल १,००० पीडित, प्रत्येकी ६ टप्पे आणि दर टप्प्याला सरासरी दीड व्यक्ती असे धरू, कारण संहितेतील ‘पीडित’ या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारसही येतात. या ९,००० सूचनांना प्रत्येकी १० मिनिटे लागली, तर १,५०० तास होतात. त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे १,८०० सूचना पोहोचल्या नाहीत आणि प्रत्येकीसाठी शिपायाला दोन तास घरी जाऊन यावे लागले, तर आणखी ३,६०० तास वाढतात. जिथे अकरा महिन्यांच्या करारावर खोल्या बदलतात आणि पुनर्विकासात चाळीच्या चाळी रिकाम्या होतात, त्या मुंबईत न पोहोचलेल्या सूचनांचा रकाना सोडून केलेला अंदाज निरुपयोगी आहे. तासांना वेतन, भत्ते आणि निवृत्तिवेतनाचा भार लावूनच रुपये काढावेत.

लैंगिक गुन्ह्यांचा हिशेब वेगळा ठेवावा. पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई असल्याने वर्दीतला शिपाई चाळीच्या गॅलरीत उभा राहून नाव पुकारू शकत नाही. तिथे साध्या वेशातील महिला कर्मचारी आणि तिने सांगितलेली वेळ, दोन्ही लागतात. हा खर्च जास्त आहे आणि तो करायलाच हवा.

पोलीस हा राज्य सूचीतील, म्हणजे राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय असल्यामुळे कायदा संसदेने केला तरी ठाण्यातील कामाचा बोजा प्रामुख्याने राज्याच्या तिजोरीवर येतो. राज्याच्या अर्थसंकल्पात पोलिसांसाठी २०५५, न्यायदानासाठी २०१४ आणि तुरुंगांसाठी २०५६ ही मुख्य लेखाशीर्षे (खर्चाच्या खात्यांचे क्रमांक) पाहावीत. सुटकेची सूचना तुरुंगातून निघत असेल, तर तिचा खर्च पोलिसांच्या नावावर टाकू नये. विधेयक समितीकडे गेले आणि तिने सूचना मागवल्या, तर गृहीतके व दरांची तारीख लिहून किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे द्यावेत, आणि त्यासोबत नेमकी किती पदे मंजूर व्हावीत, ही मागणीही नोंदवावी.