कोल्ट नेव्हीच्या प्रतिकृतीची पुनर्जोडणी : न बसणारे भाग कसे बसवावेत

१८५१ सालच्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या ज्या प्रतिकृती आज विकल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया भागात तयार होतात. बंदुकीच्या काळ्या दारूची राख ओलावा धरून पोलाद गंजवते, त्यामुळे नेमबाजीनंतर हे शस्त्र लगेच साफ करावे लागते आणि अधूनमधून पूर्ण खोलावेही लागते. खोलणे सोपे असते. अडचण येते ती जोडताना. अशा वेळी हात लगेच कानशीकडे जातो, आणि नेमके तेच टाळले पाहिजे, कारण भाग न बसण्याचे कारण बहुधा जोडणीच्या क्रमात, एखाद्या स्क्रूच्या ताणात किंवा मधल्या दांड्याच्या लांबीत असते. घासून काढलेले पोलाद परत मिळत नाही.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात या प्रतिकृती पुरातन शस्त्रांत मोडतात, तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. कामाला बसण्यापूर्वी निपलांवर (कप्प्यांच्या मागे असलेल्या बारीक नळ्यांवर) कॅप (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) नाहीत आणि सिलिंडरचे, म्हणजे फिरत्या नळकांड्याचे, सहाही कप्पे रिकामे आहेत, याची लाकडी काडी तळापर्यंत घालून खात्री करावी आणि दारू व कॅप त्या खोलीतच ठेवू नयेत.

या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमला, म्हणजे सांगाड्याला, वरून जाणारी पट्टी नसते. फ्रेममधून पुढे आलेला जाड दांडा सिलिंडरमधून आरपार जाऊन नळीखालच्या भोकात शिरतो, खाली दोन बारीक पिना नळी सरळ धरतात आणि दांडा व नळी या दोहोंतून आडवी जाणारी एक पाचर सगळे आवळून ठेवते. मूळ कोल्टमध्ये दांड्याचे टोक त्या भोकाच्या तळाला टेकत असे. कित्येक प्रतिकृतींत दांडा किंचित आखूड असतो आणि टोकापुढे पोकळी राहते. मग पाचर जितकी आत ठोकावी तितकी नळी मागे ओढली जाते, तीही वरच्या अंगाने अधिक, कारण खाली ती फ्रेमला टेकलेली असते. परिणामी सिलिंडर नळीच्या मागच्या तोंडावर घासून अडकतो. पाचर सैल ठेवली तर सिलिंडर फिरतो, पण प्रत्येक बार उडताना नळी हलते आणि पाचरीच्या खाचेच्या कडा चेपत जातात. म्हणून पाचर कमीजास्त ठोकून सिलिंडरपुढची फट जुळवण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मान्य नाही. फट दांड्याने ठरवायची असते. पाचरीचे काम आवळण्याचे आहे.

दांडा आखूड आहे का, हे पाहण्याची परीक्षा सोपी आहे. सिलिंडर काढून ठेवावा, भोकाच्या तळाशी साचलेली राख आणि वाळलेले ग्रीस खरवडून काढावे (कधीकधी एवढ्यानेच काम भागते), आणि नळीचा खालचा जाड भाग फ्रेमच्या बाजूला येईल अशी नळी आडवी फिरवून दांड्यावर शेवटपर्यंत सरकवावी. दांडा तळाला टेकत असेल, तर नळीची मागची कड फ्रेमच्या पुढच्या कडेशी तंतोतंत जुळते. ती कड फ्रेमवर जेवढी चढेल, तेवढा दांडा आखूड समजावा. हे अंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) मोजून त्याच जाडीची पोलादी चकती भोकाच्या तळाशी बसवावी. चकती थोडी जाड घेऊन, सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून ती घासून हळूहळू पातळ करत न्यावी आणि दर वेळी लावून पाहावी. चकती जाड राहिली तर नळी व फ्रेम यांच्या खालच्या सांध्यातून उजेड दिसतो. सांधा मिटलेला, दांडा टेकलेला आणि सिलिंडरपुढे साधारण ०.०५ ते ०.१५ मि.मी. फट, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या की जोडणी जमली. फट याहून कमी ठेवल्यास काही बारांतच राखेने सिलिंडर जड होतो. यानंतर पाचर जाड वाटू लागली तर पाचरच घासावी, खाच कधीही नाही, कारण पाचर नवी मिळते. ती डावीकडून अंगठ्याने दाबून शेवटी प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकावी, काढताना उजवीकडून.

आतल्या भागांत क्रम महत्त्वाचा आहे. घोडा (कॅपवर आपटणारा भाग) खालून आत घालताना त्याला जोडलेली, सिलिंडर फिरवणारी पट्टी फ्रेममधल्या तिच्या खाचेत सरळ जावी लागते; घोडा अर्ध्यावर अडला तर ही पट्टी किंवा तिची पातळ स्प्रिंग वाकडी आली आहे असे समजून घोडा मागे घ्यावा. चाप आणि सिलिंडर अडवणारी खिटी यांचे स्क्रू दिसायला सारखे असतात, म्हणून खोलतानाच ते खुणा करून ठेवावेत. स्क्रू पूर्ण आवळल्यावर चाप किंवा खिटी जड होत असेल, तर त्यांच्या बाजू चिमटल्या जात आहेत; काजळी किंवा मार्कर लावून भाग हलवला की घासणारी जागा उघडी पडते, आणि तिथला उंचवटा बारीक दगडाने काढणे एवढेच पुरे असते. दोन पायांच्या स्प्रिंगचा एक पाय खिटीवर आणि दुसरा चापावर बसला आहे, हे चापाभोवतीचा गार्ड लावण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे.

मुठीच्या मागच्या पट्टीची भोके जुळत नाहीत, ही तक्रार बहुतेकांची असते. घोड्याजवळचे दोन आणि मुठीच्या तळाचा एक असे तिन्ही स्क्रू आधी दोन-तीन आटे फिरवावेत आणि मग आळीपाळीने आवळावेत. तरीही पट्टी उचललेली राहिली, तर दमट हवेत फुगलेले मुठीचे लाकूड आतून तपासावे आणि काजळीचा डाग उमटेल तिथेच ते किंचित घासावे.

शेवटी घोडा अंगठ्याने धरून सावकाश मागे ओढावा. पूर्ण मागे अडकण्याच्या क्षणी किंवा किंचित आधी खिटी सिलिंडरच्या खाचेत पडली पाहिजे. घोडा अडकला तरी खिटी पडत नसेल, तर फिरवणारी पट्टी झिजलेली आहे आणि ती बदलणेच योग्य. चापाचे टोक आणि घोड्यावरच्या खाचा यांना मात्र घरी कानस लावू नये. तिथे केसभर चूक झाली तरी घोडा आपोआप सुटू शकतो, म्हणून ते काम जाणत्या गनस्मिथकडेच द्यावे. तपासणीत घोडा रिकाम्या निपलांवर आपटू न देता अंगठ्याने हळू खाली आणावा, कारण त्या माराने निपलांची तोंडे पसरतात आणि पुढे कॅप नीट बसत नाहीत.