हाडं ठिसूळ झालीत? मग पायाची बोटं पकडायला वाकू नका

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा रिपोर्ट येतो, टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याहून खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या) टप्प्यात असतो आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ लावून व्यायाम सुरू होतो. उत्साहाला तोटा नसतो, पण निवडलेले व्यायाम बऱ्याचदा नेमके नको तेच असतात.

त्यात पहिला नंबर पुढे वाकण्याचा. गुडघे ताठ ठेवून पायाची बोटं पकडणं, सिट-अप्स, क्रंचेस, पाठ गोल करून केलेली आसनं. पाठ गोल झाली की भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि ठिसूळ मणका तिथेच पाचरीसारखा चेपतो. पुढचं सगळं ठरलेलं. आठवडाभर ‘अंग मोकळं झालं’ म्हणून समाधान, मग जमिनीवरची बादली उचलताना पाठीत कळ. लचक भरली म्हणून शेक, मालीश, कुणीतरी सुचवलेला पट्टा. दुखणं हटेना म्हणून दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला की छातीचा बारावा किंवा कमरेचा पहिला मणका बसलेला दिसतो.

हे माहीत नव्हतं असंही नाही. कण्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या, पाळी गेलेल्या ५९ स्त्रियांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास १९८४ सालीच प्रसिद्ध झाला. फक्त पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे मणके पुढे आणखी चेपले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण १६ टक्के होतं आणि काहीच न करणाऱ्यांमध्ये ६७. गट लहान होते, वाकणाऱ्या जेमतेम ९ जणी, तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

म्हणून आधी खुब्यातून वाकायला शिका. एक काठी पाठीला उभी धरा. डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे ढकला. काठी तिन्हीपैकी कुठेही सुटली की तिथेच थांबा, तुमची हद्द तेवढीच. रोज दहा वेळा. हे अंगवळणी पडेपर्यंत वजनाला हात लावू नका. अंथरुणातून उठतानाही थेट बसू नका: कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा द्या.

दुसरी लाडकी समजूत म्हणजे ‘मी रोज चालते, पुरे आहे’. चालणं हृदयाला उत्तम, पण हाड रोजच्या भाराला सरावलेलं असतं. सवयीपेक्षा जास्त भार पडल्याशिवाय ते दखल घेत नाही. पोहणं आणि सायकल तर या बाबतीत चालण्याच्याही मागे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एवढं करा: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठ-बस ८ ते १२ वेळा, रबरी पट्टा छातीकडे ओढणं तितक्याच वेळा, आणि पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपून छाती इंचभर उचलून ५ सेकंद धरणं, १० वेळा. पट्ट्याचा ताण किंवा वजन असं निवडा की शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण पाठीचा आकार बिघडू नये. जड वजनांनी कमरेच्या मणक्यांची घनता वाढते हे खरं आहे. मात्र ज्या प्रयोगांत हे दिसलं, त्यांत शेजारी प्रशिक्षक उभा होता आणि वजन हळूहळू चढवलं होतं. पहिल्याच दिवशी बारबेल (दोन्ही टोकांना वजनं लावलेली दांडी) उचलायला निघालेल्यांना हे ऐकायचं नसतं. टाचा उचलून धपकन टेकवणं, उड्या मारणं हेही मणका आधी मोडला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

गोळ्यांबाबत थोडक्यात. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. एका वेळी ५०० च्या वर घेतलं तर नीट शोषलं जात नाही. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर. हाडांची झीज रोखणारी ॲलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा-दूधही नाही. अन्ननलिका भाजल्यावर ‘औषध सोसत नाही’ म्हणणारे बरेच जण गोळी घेऊन पुन्हा झोपलेले असतात. झीज रोखणाऱ्याच डेनोसुमॅब या औषधाचं दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन ‘बरं वाटतंय’ म्हणून टाळणं मात्र धोक्याचं. परिणाम ओसरला की हाडांची झीज उसळून वाढते आणि एकाहून अधिक मणके मोडू शकतात. थांबवायचंच असेल तर पुढचं औषध आधी ठरवून घ्या.

तीन महिन्यांत पुन्हा डेक्सा करून काही कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी करा, त्याच मशीनवर.

सुटे गालिचे काढा, बाथरूमच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा, झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि उंची मोजत राहा. मणका न दुखताही बसतो. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर कमी भरली तर दुखण्याची वाट न पाहता पाठीचा एक्स-रे काढून घ्या.