आधी खाली उतरवा, मग वर चढवा

इंदूरला रामबागेत आमचं गणेश मंडळ आहे. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, मंडळाची साइट तू बघ, सोपं आहे." सोपं आहेच. तरी पहिल्याच वर्षी मी लॅपटॉपमधलं जुनं पान नव्यावर चढवलं, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री साइटवर गेल्या वर्षीचे कार्यक्रम! साडेदहाला अध्यक्षांचा फोन. यंदा हे काम ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

फाइलझिला टाकून घ्या, फुकट आहे. आपल्या संगणकावरच्या फाइली सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकावर, चढवायचा आणि तिथून उतरवायचा हा प्रोग्राम. ब्राउझरमधून एफटीपी (फाइलींची ने-आण करायची जुनी पद्धत) उघडायची सवय असेल तर विसरा. क्रोम आणि फायरफॉक्सनी ती सोय २०२१ मध्ये काढली. होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा देणाऱ्याच्या, मेलमधून होस्ट (सर्व्हरचा पत्ता), युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) घ्या. एफटीपीचा पोर्ट सहसा २१, एसएफटीपीचा, म्हणजे सुरक्षित पद्धतीचा, २२. साध्या एफटीपीत पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो. एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ चा, आयआयटी कानपूरला शिकलेल्या अभय भूषण यांचा. तेव्हा नेटवर्कवर माणसंच मोजकी, चोरणार कोण? आता मात्र फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये जाऊन एसएफटीपी किंवा 'एक्सप्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस' निवडा, त्यात पासवर्ड बंद पाकिटातून जातो.

कनेक्ट झालं की डावीकडे आपलं घर, उजवीकडे सर्व्हर. उजवीकडे बहुतेक ठिकाणी 'पब्लिक_एचटीएमएल' नावाचं फोल्डर असतं. जगाला दिसतं ते त्याच्या आतलं. बाहेर टाकलेली फाइल जाते, पण साइटवर दिसत नाही, आणि आपण तासभर डोकं खाजवत बसतो.

आता मुख्य गोष्ट. काहीही चढवण्याआधी ते अख्खं फोल्डर उजवीकडून डावीकडे ओढा, आजच्या तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये. चहा होईपर्यंत उतरतं. माझ्याकडे हे असतं, तर त्या रात्री पाच मिनिटांत निभावलं असतं. मग नव्या फाइली डावीकडून उजवीकडे ओढा. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर ओव्हरराइट करू का (जुनी पुसून नवी ठेवू का), असं फाइलझिला विचारतो. तिथे दोन्हींच्या तारखा वाचा. घाईत 'नेहमी असंच कर'वर टिचकी मारली की संपलं.

फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्या. सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो. त्याला मोठं आणि लहान अक्षर वेगळं. विंडोजवर नीट दिसणारा आरतीचा फोटो तिथे गायब होतो तो यानेच. मराठी मजकूर यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा, नाहीतर गणपतीच्या जागी चौकोन.

एररचा आकडा ५३० आला तर पासवर्ड चुकला, ५५० आला तर फाइलची वाट चुकली किंवा परवानगी नाही. परवानगीचा आकडा (कोण वाचू-बदलू शकतं ते ठरवणारा) फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५ पुरतो; कुणी ७७७, म्हणजे सगळ्यांना बदलायची मुभा, सुचवलं तर ऐकू नका. शेवटी खालच्या 'फेल्ड ट्रान्सफर्स'वर नजर टाका. दोनशे फोटोंतले तीन तिथे हमखास अडकलेले असतात. उजवी टिचकी देऊन परत रांगेत लावा.

साइट उघडून जुनंच दिसलं तर ते बहुधा ब्राउझरने साठवून ठेवलेलं पान असतं; कंट्रोल आणि एफ-५ एकदम दाबा. अध्यक्षांनाही तेच सांगा, त्यांनी फोन ठेवायच्या आत.