एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरील लपलेल्या बॅकअप फायली कशा काढाव्यात

पुण्यातील विसर्जन मिरवणुकीचे चित्रीकरण वर्षानुवर्षे साठवणाऱ्यांना, दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज निम्मीच होत असूनही डिस्क भरल्याचा संदेश मिळतो, तेव्हा नव्या डिस्कसाठी टिळक रस्ता गाठण्यापूर्वी त्यांनी लपलेल्या फायली तपासाव्यात. (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबीच दिसते, तो मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे आणि तो भरून निघणार नाही.)

विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून ‘व्ह्यू’, ‘शो’ आणि ‘हिडन आयटम्स’ असे क्रमाने निवडावे. ‘फाइलहिस्टरी’ हा फोल्डर मोठा आढळला, तरी तो हाताने पुसू नये. त्यात फायलींच्या जुन्या प्रती तारीखवार असतात आणि संगणकावरून मूळ फाइल गेली असेल, तर तिची एकमेव प्रत तिथेच उरलेली असू शकते. त्याऐवजी कंट्रोल पॅनेलमधील फाइल हिस्टरीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधून ‘क्लीन अप व्हर्जन्स’ उघडावे आणि किती जुन्या आवृत्त्या काढायच्या ते ठरवावे. माझ्या मते बहुतेकांना एका वर्षाची मर्यादा पुरेशी ठरते. ‘विंडोजइमेजबॅकअप’ मध्ये संपूर्ण संगणकाची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत असते, म्हणून नवी प्रतिमा अन्यत्र घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हा फोल्डर प्रणालीचा आहे. तो तसाच राहू द्यावा.

मॅकवर कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम या कळा एकत्र दाबल्यास लपलेल्या फायली दिसतात. तेथे पुसलेल्या फायली बाह्य डिस्कवरील लपलेल्या कचरापेटीतच राहतात, त्यामुळे डिस्क जोडलेली असतानाच ‘ट्रॅश’ रिकामा करावा.