'भारी' कुणाला चिकटलंय ते आधी बघा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत संध्याकाळी आठवी ते दहावीची पोरं माझ्याकडं इंग्रजीला येतात. शाहू स्टेडियमवर मॅच झाली की दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते: 'लई भारी गोल मारला' आणि 'पोरगं भारी खेळलं'.

पहिल्यात भारी आहे गोल, दुसऱ्यात भारी आहे खेळणं. आपण दोन्हीकडं एकच शब्द वापरतो. इंग्रजीत मात्र 'गुड गोल', पण 'प्लेड वेल'. 'ही प्लेड गुड' दरवर्षी कुणीतरी लिहितंच आणि मी रागवत नाही, कारण मराठी कानाला ते बरोबरच वाटतं. 'पोरगा चांगला खेळतो, पोरगी चांगली खेळते' हे बघा. माहिती खेळण्याची, पण शब्द लिंग घेतोय खेळणाऱ्याचं!

म्हणून मराठी शब्दाच्या रूपावर जाऊ नका. पेन्सिल घ्या आणि शब्द ज्याच्याबद्दल सांगतोय तिकडं बाण काढा. बाण नामावर गेला तर विशेषण, क्रियापदावर गेला तर क्रियाविशेषण. आता 'लई'चा बाण काढा. तो गोलावर जात नाही, 'भारी'वर जातो. विशेषणाचं वजन वाढवणारा शब्दही क्रियाविशेषणच. म्हणून 'व्हेरी गुड गोल', 'रिअली गुड गोल'. तिथं 'रिअल गुड' लिहू नका.

शेवटच्या 'ली'वर पोरांचा फार भरवसा. 'स्लो'चं 'स्लोली' होतं हे खरं, पण 'फ्रेंडली', 'कॉस्टली' ही विशेषणं आहेत. तिथं 'ली' नामाला लागलंय. 'फास्ट' दोन्हीकडं तसाच राहतो. 'हार्ड'सुद्धा, आणि इथं जपा. माझ्या भाच्यानं गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यासाठी अर्ज लिहिला: 'आय वर्क हार्डली'. म्हणजे मी काम जवळजवळ करतच नाही! अर्ज पाठवायच्या आधी मला दाखवला म्हणून निभावलं.

सगळ्यात जास्त वेळ मी तांबड्या रश्श्यावर घालवते. 'द रस्सा स्मेल्स गुड' आणि 'आई स्मेल्स द रस्सा केअरफुली'. क्रियापद एकच, मग एकीकडं विशेषण आणि दुसरीकडं क्रियाविशेषण का? पहिल्या वाक्यात रस्सा काही हुंगत नाही, तो कसा आहे ते आपण सांगतोय. दुसऱ्यात आई खरोखर वास घेते, आणि ती कशी घेते ते सांगतोय. शंका आली तर क्रियापदाच्या जागी 'इज' घाला. 'द रस्सा इज गुड' जमतं, तिथं विशेषण. 'आई इज द रस्सा' जमत नाही, तिथं क्रियाविशेषण. 'लुक', 'टेस्ट', 'फील', 'साउंड' यांनाही हीच कसोटी लावा. 'आय ॲम वेल'मधलं 'वेल' मात्र तब्येतीबद्दल बोलतं, म्हणून तिथं ते विशेषण.

आता तुम्ही करा. गंगावेशीत दूधकट्ट्यावर, म्हणजे म्हशी आणून समोर दूध काढून देतात तिथं, उभं राहिलाय असं समजा. 'द बफेलो लुक्ड अँग्री' आणि 'द बफेलो लुक्ड अँग्रिली ॲट मी'. दोन्हींत बाण कुठं जातो, काढून बघा.