परदेशी मालामुळे कारखाना बंद पडला, तर आपले पैसे कसे मिळवावेत

स्वस्त आयात मालापुढे कारखाना टिकला नाही म्हणून काम गेलं, तर त्यासाठी आपल्या देशात वेगळी अशी योजना नाही. परदेशी माल फार स्वस्तात ओतला गेला की त्यावर लागणाऱ्या जादा करासाठी, म्हणजे डम्पिंगविरोधी शुल्कासाठी, केंद्राच्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे उत्पादक अर्ज करतात. शुल्क लागलं तरी त्यातला एक रुपया कामगाराच्या खात्यात येत नाही. गिरणी कामगारांसाठी 1986 पासून पुनर्वसन निधी होता, तोही 2017 मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाला. तेव्हा "आयातीमुळे बेरोजगार" असा अर्ज घेऊन मंत्र्यांच्या दारात उभं राहायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तुमचा हक्काचा पैसा मुख्यतः दोन ठिकाणी आहे: मालकाकडची भरपाई आणि याच राजीव गांधी योजनेतून मिळणारा ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) बेरोजगारी भत्ता. काम गेल्याचं कारण कागदावर काय लिहिलंय, यावर दोन्ही अवलंबून आहेत.

पहिलं काम म्हणजे पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, ईएसआय क्रमांक आणि यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) घरी आणून ठेवणं. गेटला कुलूप लागल्यावर आतलं काही मिळत नाही.

आता खरी अडचण. बंदची कुणकुण लागली की एचआर एकेकाला केबिनमध्ये बोलावतं. टेबलावर दोन कागद असतात: फुल अँड फायनलचा हिशोब आणि त्याखाली टाइप केलेला राजीनामा, "वैयक्तिक कारणास्तव". आज सही केलीत तर चेक आज, नाहीतर कधी ते सांगता येत नाही, असं सांगितलं जातं. तिथे सही करू नका. राजीनामा दिला की कामगार कपातीची किंवा बंदची भरपाई गेली, आणि बेरोजगारी भत्ताही गेला. हा भत्ता कारखाना बंद झाला, कामगार कपात झाली किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच मिळतो. व्हीआरएसचंही, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचंही, तेच. व्हीआरएसची रक्कम भरपाई आणि भत्ता मिळून होणाऱ्या आकड्यापेक्षा खरंच मोठी असेल, तर जरूर घ्या. पण हिशोब आधी घरी बसून करा, केबिनमध्ये नाही. हिशोबाचे पैसे घ्यायचेच असतील तर पावतीवर स्वतःच्या अक्षरात "हक्क राखून स्वीकारले" असं लिहा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

राजीनामा टाळला तरी ईएसआयची नोंद बाकी राहते. मालक दर महिन्याची वर्गणी ऑनलाइन भरतो, तेव्हा कामाचे शून्य दिवस दाखवलेल्या कामगारापुढे कारणाचा क्रमांक निवडावा लागतो. 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे कपात. क्लार्क सवयीने 2 टाकून मोकळा होतो. मग तुमच्या हातात कपातीचं पत्र आणि नोंदीत "नोकरी सोडली", अशी विसंगती होते आणि फाइल तिथेच अडते. महिना उलटायच्या आत ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊन आपली नोंद विचारा. चुकीची असेल तर मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. या टप्प्यावर मी जितकी माणसं हताश झालेली पाहिली तितकी दुसऱ्या कुठेही नाही.

भरपाईचा नियम सोपा आहे: पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. पण आयातीच्या बाबतीत मालकाचं ठरलेलं उत्तर असतं, "बाजारच बुडाला, परिस्थिती आमच्या हाताबाहेरची, म्हणून तीन महिन्यांचाच पगार." टाळता न येणाऱ्या कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाईला तीन महिन्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण निव्वळ आर्थिक तोटा किंवा न खपलेला माल हे असं कारण धरलं जाणार नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. समजा पगार 18,000 आणि नोकरी 18 वर्षांची, तर पूर्ण भरपाई साधारण 1,62,000 होते आणि तीन महिन्यांचे फक्त 54,000. एवढा फरक एका वाक्याने पडतो. म्हणून बंदच्या नोटिशीत काय कारण दिलंय ते शब्दन् शब्द वाचा, आणि "अपरिहार्य परिस्थिती" असं लिहिलं असेल तर सगळ्यांनी मिळून त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या. 300 किंवा जास्त कामगारांचा कारखाना असेल तर सरकारची आगाऊ परवानगी लागते. ती नसेल तर बंदच बेकायदा ठरतो आणि पगार चालूच धरला जातो.

पुढचं सरळ आहे. भत्त्याचा दावा शाखा कार्यालयात करा. पहिल्या वर्षी सरासरी पगाराच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव, आणि भत्ता चालू असेपर्यंत घरच्यांचे उपचार. या भत्त्याला लागणारी ईएसआय वर्गणीची अट बसत नसेल तर बेरोजगारांसाठीची ईएसआयसीची दुसरी योजना, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, विचारा. ती आयुष्यात एकदाच, 90 दिवसांपर्यंत मिळते आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. नोकरीला पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी मागा, ती भरपाईत धरली जात नाही. नव्या संहितेनुसार कपात झालेल्याला पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकता यावं म्हणून ठेवलेल्या निधीतून) आणखी 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यात यायला हवा. ही रक्कम बहुतेकांना ठाऊकच नसते.

मालकाने रक्कम दिली नाही तर वसुलीचा अर्ज कामगार आयुक्त कार्यालयात एका वर्षाच्या आत द्या. "मालक म्हणाला दिवाळीनंतर बघू" म्हणून थांबू नका, तेवढ्यात मुदत सरते.