जुन्या वेस्टफालियाला सुबारूचं इंजिन: या चुका टाळा

फोक्सवॅगनची टी-३ गाडी अमेरिकेत १९८० ते १९९१ या काळात ‘व्हॅनागन’ नावाने विकली गेली. वर उचलता येणाऱ्या छताची, आत झोपायची सोय, शेगडी, बेसिन आणि फ्रिज असलेली तिची कॅम्पर आवृत्ती म्हणजे वेस्टफालिया. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना या गाडीचा नाद लागलाय, त्यांच्यासाठी हा लेख.

गाडी देखणी, पण मूळ इंजिन दमाचं नाही. पाण्यावर थंड होणारं १.९ लिटरचं इंजिन अमेरिकन मॉडेलमध्ये जेमतेम ८२ अश्वशक्तीचं. नंतर २.१ लिटरचं आलं, तेही शंभरच्या आतच. सामान भरलेली गाडी दोन टनांच्या वर जाते, त्यामुळे घाटात लाकडाचे ट्रकही हॉर्न मारून पुढे निघून जातात. शिवाय हेडजवळच्या (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण) रबरी सीलमधून, म्हणजे गॅस्केटमधून, कूलंट गळणं हे या इंजिनाचं जुनंच दुखणं. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, पुढे त्यालाच ‘पाणी’ म्हटलंय. म्हणून लोक सुबारूच्या २.२ लिटर ईजे-२२ इंजिनाकडे वळतात. तेही आडवं, चार सिलिंडरचं, त्याच दिशेने फिरणारं. मध्ये एक अडॅप्टर प्लेट टाकली की मूळ गिअरबॉक्सला जोडलं जातं आणि ताकद १३०च्या आसपास पोचते.

हे इतकं सहज जमतं म्हणूनच माणूस गाफील राहतो. इंजिन बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. पुढे गाडी रस्त्यात उभी राहते ती पाणी, वायरिंग, तेल आणि गिअर यांच्यामुळे.

आधी पत्रा, मग इंजिन

इंजिन बदलायचं महागडं किट घरी आलं की धीर धरवत नाही, हे मान्य. पण टी-३च्या बॉडीचे उभे सांधे आधी बघा. त्यांत भरलेलं सीलर वाळून तडकतं, पाणी आत झिरपतं आणि रंगाखाली फोड दिसू लागतात. फोड दिसला म्हणजे गंज आतून बाहेर आलाय. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा डोकं वर काढणारच. सांधा कोरून, गंज पूर्ण काढून, प्रायमर आणि नवं सीलर, एवढं करावंच लागतं. समोरच्या काचेचं रबर काढून त्याखालचा पत्राही बघा, तिथे हमखास काहीतरी सापडतं. वेल्डिंगचं काम निघणार असेल तर ते नवीन वायरिंग गाडीत जायच्या आधीच उरकलेलं बरं.

इंजिन निवडताना

२.५ लिटरचं ईजे-२५ जास्त ताकदीचं आहे, पण नव्वदीतल्या आणि २०००च्या आसपासच्या ईजे-२५ची हेड गॅस्केटची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. गॅस्केटच्या त्रासातून सुटायचं म्हणून इंजिन बदलायचं आणि गॅस्केटसाठीच बदनाम असलेलं दुसरं आणायचं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. माझं मत विचाराल तर १९९६पर्यंतचं ईजे-२२ घ्या. त्याचा टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. ईजे-२५मध्ये आदळतात.

नुसतं इंजिन विकत घेऊ नका. ठोकलेली पण चालू असलेली अख्खी सुबारू मिळाली तर सोनंच. तिचं इंजिन जागेवरच चालवून बघता येतं, आणि पूर्ण वायरिंग, कॉम्प्युटर, सेन्सर, ब्रॅकेट सगळं हातात येतं. इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि मागचं ऑइल सील बदलून घ्या. फ्लायव्हीलच्या मागे ऑइल सेपरेटरचं एक प्लास्टिकचं झाकण असतं. ते वाकडं होऊन तेल गळतं. त्याजागी धातूचं बसवा. नाहीतर नंतर त्या झाकणासाठी पुन्हा गिअरबॉक्स सोडवायची वेळ येते.

पाणी: इथेच घोडं पेंड खातं

या गाडीचं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारे दोन लांब पाइप. सगळं मिळून १६ लिटरच्या आसपास कूलंट. सुबारूच्या कारमध्ये हेच अंतर हातभर असतं. हा फरक लक्षात न घेता होज जोडले की तक्रारी सुरू होतात.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: तापमानाचा काटा वर वर चढत जातो, घाबरून गाडी बाजूला घ्यावी तर एकदम खाली येतो, पुन्हा चढतो. लोक लगेच रेडिएटर बदलतात. पण दोष बहुधा थर्मोस्टॅटला, म्हणजे गरम पाण्याने उघडणाऱ्या झडपेला, गरम पाणी न पोचण्याचा असतो. सुबारूचा थर्मोस्टॅट पंपाच्या तोंडाशी, म्हणजे रेडिएटरकडून पाणी परत येतं त्या बाजूला असतो. तो उघडतो हीटरकडून परत येणाऱ्या गरम पाण्यामुळे. व्हॅनागनमध्ये हीटरला व्हॉल्व्ह आहे. तो बंद केला आणि मागचा हीटर जागा वाचवायला काढून टाकलेला असला, की थर्मोस्टॅटपाशी गरम पाणी फिरतच नाही. इंजिन तापलेलं, पण थर्मोस्टॅटला त्याचा पत्ता नाही. खात्री करायची असेल तर काटा चढू लागताच पुढचा हीटर पूर्ण उघडा. काटा खाली आला तर रोग सापडला. उपाय म्हणजे हीटर बंद असतानाही थोडं पाणी सतत फिरत राहील असा बायपास होज, आणि हीटरचा परतीचा होज थर्मोस्टॅटच्या आतल्या बाजूलाच जोडणं. थर्मोस्टॅट सुबारूचाच ओरिजिनल घ्या. बाजारातले स्वस्त बरेचदा आकाराने लहान असतात आणि पाणी कमी सोडतात.

दुसरं कारण हवा. रेडिएटर पुढे असल्यामुळे हवा तिथे अडकून बसते. सपाट जमिनीवर टाकी भरली आणि झाकण लावलं, एवढ्याने भागत नाही. गाडीचं तोंड फूट-सव्वा फूट वर घ्या, पुढची जाळी काढा, रेडिएटरच्या वरच्या कडेचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि कुणाला तरी इंजिन २,००० आरपीएमवर धरायला सांगा. स्क्रूपाशी आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे येतात. अखंड धार लागेपर्यंत मागच्या टाकीत कूलंट ओतत राहायचं. घाईने स्क्रू आवळलात तर पहिल्याच चढावर कळेल. गाडीखाली वाकायच्या आधी जॅकच्या जोडीला स्टँड लावलेत ना, हेही बघा. नुसत्या जॅकवर दोन टन उचलून खाली वाकणारे लोक मी बघितलेत.

पोटाखालचे मूळ पाइप बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचे आहेत. उष्णतेने त्यांची टोकं फुगतात, आतली नळी सैल होते आणि एके दिवशी होजसकट निसटते. नव्या इंजिनाबरोबर स्टेनलेस स्टीलचे पाइप टाकणं हा चैनीचा खर्च नाही.

आणि काटा खरं बोलतोय का? सुबारूचा टेंपरेचर सेन्सर व्हॅनागनच्या काट्याला जोडला तर रीडिंग चुकीचं येतं, कारण दोघांचं प्रमाण वेगळं. काट्यासाठी फोक्सवॅगनचाच सेन्सर पाण्याच्या वाटेत वेगळा बसवावा लागतो. इंजिन थंड आणि तरीही लाल दिवा लुकलुकतोय, तर आधी टाकीतली पातळी बघा. ती ठीक असेल तर टाकीतला लेव्हल सेन्सर किंवा त्याचा रिले तपासा. तोच खोटी बोंब मारत असतो.

वायरिंग

सुबारूच्या वायरिंगमधलं नको ते काढून ते बारीक करायचं, हे काम संयमाचं. घाईत लोक अर्थिंग तोडतात. कॉम्प्युटरची अर्थिंग इंजिनच्या इनटेकवर (हवा आत घेणाऱ्या भागावर) येते, ती तिथेच पक्की हवी. फोक्सवॅगनच्या वायरिंगमध्ये तपकिरी वायर म्हणजे अर्थिंग. सुबारूच्या वायरिंगला हा नियम लागू नाही, त्यामुळे रंग बघून जोडाजोडी करू नका, दोन्ही नकाशे समोर ठेवा.

लक्षणांवरून सांगायचं तर: सिग्नलला क्लच दाबून गाडी थांबवताना इंजिन बंद पडतं, बाकी सगळं ठीक, तर कॉम्प्युटरला गाडीच्या वेगाचा सिग्नल मिळत नाहीये. स्पीडोमीटरच्या केबलवर सेन्सर बसवून तो द्यावा लागतो. सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर मेन रिले, कॉम्प्युटरची अर्थिंग आणि क्रँक सेन्सरचा प्लग या क्रमाने बघा. बॅटरी चार्ज होत नाही, तर अल्टरनेटर बदलायच्या आधी डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याची वायर जोडली आहे का ते पाहा. त्या वायरीशिवाय अल्टरनेटर जागा होत नाही.

ऑइल चेंबर आणि गिअरबॉक्स

सुबारूचं ऑइल चेंबर खाली लोंबतं. कच्च्या रस्त्यावर पहिला दगड त्यालाच लागणार, म्हणून ते कापून उथळ करतात. नुसतं चेंबर कापून भागत नाही. तेल ओढणारी नळीही त्याच मापात आखूड करावी लागते, आणि वळणावर तेल एका बाजूला पळू नये म्हणून आत आडव्या पट्ट्या हव्यात. ओळखीच्या वेल्डरकडून अंदाजाने करून घेण्यापेक्षा तयार उथळ चेंबर विकत घ्या. वळणावर ऑइलचा दिवा क्षणभर लागून विझत असेल तर गाडी चालवू नका. बेअरिंग गेलं तर सगळंच गेलं.

मूळ चार गिअरची ट्रान्समिशन ८०-९० अश्वशक्तीसाठी बनवलेली. ती नव्या ताकदीला पुरते, पण उजवा पाय जड असेल तर पुरत नाही. शिवाय गिअरिंग आखूड असल्याने ६५ मैलांच्या वेगाला इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास फिरतं आणि केबिनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. गिअरबॉक्स कधी ना कधी उघडावा लागणारच असेल, तर त्याच वेळी तिसरा आणि चौथा गिअर लांब करून घ्या, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरेल. ऑइल बदलताना ड्रेन प्लगवरचा चुंबक पुसून बघा. काळा लगदा चालतो, धातूचे तुकडे असतील तर मोठी सहल पुढे ढकला.

पेट्रोलचे होज

याला पर्याय नाही. जुन्या व्हॅनागन जळून गेल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यामागे बहुतेक वेळा गरम इंजिनावर तडकलेला रबरी होज असतो. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे होज बदला, फ्युएल इंजेक्शनसाठीचेच, आणि क्लिपही त्याच प्रकारच्या. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल तर टाकीच्या वरचे हवेच्या नळ्यांचे ग्रोमेट (रबरी कड्या) गेलेत. त्यासाठी टाकी उतरवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, तरी करा.

आतली सोय

मूळ फ्रिज गॅस, १२ व्होल्ट आणि घरगुती वीज या तिन्हींवर चालतो, पण गाडी सपाट उभी नसली तर गॅसवर नीट गार करत नाही. बरेच जण तो काढून कॉम्प्रेसरचा बसवतात, ते शहाणपणाचं. सोबत लिथियम बॅटरी येते आणि ती थेट अल्टरनेटरला जोडली जाते, ते मात्र चुकीचं. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरची वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणारा) हवा, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज होऊ द्यायची नाही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत हिवाळ्यात जाणार असाल तर हे विशेष.

कागदपत्रं

कॅलिफोर्नियात नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, आणि त्याच्या मूळ गाडीवर असलेली प्रदूषण नियंत्रणाची सगळी यंत्रणा त्याच्यासोबत यावी लागते: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेचा कॅनिस्टर. मग सरकारी रेफरीकडे तपासणी. म्हणून वायरिंग बारीक करताना ‘हे कशाला’ म्हणून त्या वायरी कापू नका. चेक इंजिनचा दिवाही जोडलेला हवा. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे असा बदल तिथे फार अवघड आहे, आधी आरटीओत विचारा, मग पान्याला हात घाला.

ब्रेक आणि टायर

ब्रेकचं काम मात्र पहिल्या टेस्ट ड्राइव्हच्या आधी. जुने रबरी ब्रेक होज बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात. पेडल सोडलं तरी चाक मोकळं होत नाही, गाडी एका बाजूला ओढते, थांबल्यावर एकच चाक हाताला चटका देतं. चारही चाकांचे होज बदला, मागच्या ड्रममधले सिलिंडर गळतात का बघा. टायर साध्या कारचे नकोत. भार पेलणारे, कमर्शियल किंवा रीइन्फोर्स्ड प्रकारचेच घ्या, आणि बाजूवरची बनावटीची तारीख वाचून घ्या. नक्षी कोरी दिसणारे दहा वर्षं जुने टायर अशा गाड्यांवर सर्रास सापडतात.